सुप्याचा बाजार, १२ मे १८७५

मोरगावहून चौफुल्याकडे जाताना वाटेत सुपे लागते. शहाजीराजांच्या जहागिरीतील ‘पुणे-सुपे’ या जोडनावातले ते हेच सुपे. शिवकालाच्या पुस्तकांतून हे गाव आपल्याला भेटते, संभाजी मोहित्यांकडून महाराजांनी ते कसे घेतले हे वाचून आपण पुढच्या पानाकडे वळतो, आणि सुप्याचा इतिहास तेथेच संपला असे समजतो. आजचा धागा त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी घडलेल्या एका बुधवारचा आहे.

१२ मे १८७५. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतील कुणबी नेहमीप्रमाणे जमले, मात्र त्या दिवशी गर्दी खरेदीला आलेली नव्हती. गुजर वाण्यांच्या दुकानांवर आणि घरांवर ती चालून गेली. धान्य, कापड लुटले गेले हे खरे. पण शोध चालला होता तो कागदांचा. कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे, खातेवह्या. सापडतील ते कागद बाहेर आले आणि त्यांची होळी झाली. एक घरही पेटवण्यात आले. दुसऱ्याच दिवशी काही कोसांवरच्या गावात एका मारवाडी सावकाराच्या गंजी आणि घर जळाले, आणि पुढील काही आठवड्यांत भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर, हवेली आणि नगर जिल्ह्यातील कित्येक गावांत हेच लोण पोहोचले.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत यास ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात आणि दोन ओळींत कारण सांगतात: सावकारांची पिळवणूक. हे कारण खोटे नाही. पण सावकार काही १८७५ साली आकाशातून पडला नव्हता. पेशवाईतही सावकार होते, कर्जे होती, व्याज तर होतेच. मग बिघडले काय? त्यासाठी सुप्याहून इंदापूरला आणि १८७५ वरून १८१८ ला जावे लागेल.

आजचे बारामती आणि दौंड तालुके तेव्हा मुख्यतः भीमथडी म्हणून ओळखले जात. भीमथडीची तट्टे हा मराठी घोडदळाचा कणा. या कोरडवाहू मुलखात शेतीवर भागत नसे. घरातील एक भाऊ नांगर धरी, दुसरा शिलेदारीस जाई. माळव्यातून, कर्नाटकातून आलेला पैसा येथल्या वाड्यांत आणि मंदिरांत जिरत असे. बाबूजी नाइकांची बारामती आणि त्यांच्या आश्रयाने तेथे काव्यरचना करणारे मोरोपंत, हे वैभव त्याच अर्थव्यवस्थेचे. १८१८ मध्ये राज्य गेले आणि एका फटक्यात घोडा, तलवार आणि मुलूखगिरीची मिळकत तिन्ही गेली. उरली ती जमीन, आणि पाऊस पडेल तेव्हाच पिकणारी.

या जमिनीवर सारा किती बसवावा, याचे उत्तर देण्यासाठी कंपनी सरकारने रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याची नेमणूक केली. प्रिंगल हेलीबरीच्या कंपनी महाविद्यालयात शिकलेला. तेथे अर्थशास्त्र शिकवीत ते प्रत्यक्ष माल्थस. इंग्लंडसारख्या बेटावर, तिथल्या जमीनदारांच्या खंडाचा विचार करून रचलेला सिद्धांत घेऊन हा गृहस्थ भीमाकाठी उतरला. सिद्धांत असा: उत्पन्नातून लागवडीचा सर्व खर्च वजा जाता जे निव्वळ उरते, त्याचा ठरावीक हिस्सा सरकारने घ्यावा. हिस्सा ठरला शंभरात पंचावन्न.

कागदावर हे फार सुंदर दिसते. पण निव्वळ उत्पन्न मोजायचे कोणी? मोजणी हाताखालच्या कारकुनांनी केली, आणि कोणते शेत काळे ठरावे व कोणते बरड, हे बऱ्याच ठिकाणी कोणाचा हात किती सैल आहे यावर ठरले. त्यातच धान्याचे भाव कोसळले. रोकड सारा तेवढाच, धान्य मात्र दुप्पट विकावे लागणार, अशी ती अवस्था. वसुलीसाठी रयतेचा शारीरिक छळ झाल्याच्या नोंदी खुद्द सरकारी अहवालांत आहेत. शेतकरी गावे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले. इंदापूर तालुक्याची दशा इतकी वाईट झाली की १८३५-३६ मध्ये सरकारला प्रिंगलची सारी मांडणी बाजूस ठेवावी लागली.

मग आले गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश. हे तिघे सिद्धांताच्या वाटेस फारसे गेले नाहीत. काळी, तांबडी, बरड अशा मातीच्या नऊ प्रती केल्या, जुनी वसुली प्रत्यक्षात किती झाली ते पाहिले आणि झेपेल असा दर बांधून तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यातील पुढच्या सर्व रयतवारी बंदोबस्ताचा नमुना म्हणजे हा १८३६ चा इंदापूरचा बंदोबस्त. आपल्या सातबाऱ्यावर आजही जो ‘सर्व्हे नंबर’ झळकतो, त्या पद्धतीचे एक मूळ या तालुक्याच्या शिवारात आहे. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या, गेलेली माणसे परतली. प्रिंगलनंतर हा मोठाच दिलासा होता, आणि तो मान्य केला पाहिजे.

पण याच दिलाशात पुढच्या संकटाचे बीज होते. सारा ठरीव आणि हलका झाला, जमिनीवरचा हक्क खातेदाराच्या नावे स्पष्ट झाला, तो विकता-गहाण टाकता येऊ लागला. म्हणजेच जमिनीला किंमत आली. ज्या वस्तूला किंमत असते ती तारण म्हणून चालते. पूर्वी सावकार कुणब्याच्या पिकावर आणि शब्दावर कर्ज देई. बुडाले तर गावात राहून, पाटलाची आर्जवे करून वसूल करी. आता त्याच्या पाठीशी दिवाणी न्यायालय उभे राहिले. स्वतः विंगेटने १८५२ सालीच इशारा दिला होता की धनको आणि ऋणको यांच्यातील जुना परस्परावलंबनाचा संबंध तुटत चालला असून हे प्रकरण विकोपास जाईल. ज्याने व्यवस्था उभारली तोच तिच्या भेगा दाखवीत होता.

१८५९ चा मुदतीचा कायदा तर वाचण्यासारखा आहे. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत करावा, असा त्याचा दंडक. हेतू ऋणकोला जुन्या दाव्यांपासून वाचवण्याचा. परिणाम काय झाला? दर तीन वर्षांनी मुद्दल आणि व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेतला जाऊ लागला. जुने व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसे. लिहिणारा सावकाराचा, साक्षीदार सावकाराचे, आणि अंगठा तेवढा कुणब्याचा. समन्स आले तरी पुण्याच्या कचेरीपर्यंत जायचे कसे, वकिलाला द्यायचे काय, म्हणून माणूस जातच नसे. हुकूमनामा एकतर्फी होई.

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. भाव चढले. दख्खनमध्ये रेल्वेची कामे चालू होती, मजुरी वाढली. सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागले, कारण तारण रोज महाग होत होते. १८६५ ला युद्ध संपले, भाव गडगडले. आणि नेमकी याच सुमारास इंदापूरची तीस वर्षांची मुदत संपली. १८६७ मध्ये नवे दर बसले. तेजीचे भाव डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले हे दर भरायचे होते मंदीत. इंदापुरापाठोपाठ भीमथडी व इतर तालुक्यांतही तेच घडले.

पुण्यात हे पाहणारी माणसे होती. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा एक नियम मला फार आवडतो: पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणी सभासद होऊ शकत नसे. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या या संस्थेने गावोगाव चौकशी करून शेतकऱ्यांच्या स्थितीवर १८७३ मध्ये अहवाल काढला. अर्ज गेले, निवेदने गेली. सरकार अगदीच हलले नाही असे नाही. ऑक्टोबर १८७४ मध्ये वाढीवर मर्यादा घातली गेली, तालुक्यावर शेकडा ३३, गावावर ६६, एका खात्यावर १००. म्हणजे सवलत दिल्यावरही एखाद्या शेतकऱ्याचा सारा दुप्पट होऊ शकत होता! त्याच सुमारास, थकबाकीपोटी जमिनीऐवजी आधी जंगम मालमत्ता विकावी असे ठरले. आता जमीन जाण्याची भीती नाही म्हटल्यावर सावकारांनी साऱ्यासाठी पैसे देणेच थांबवले. रयतेच्या बाजूने काढलेला आणखी एक हुकूम रयतेवरच उलटला.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे येथे एका मारवाडी सावकाराने गावच्या देशमुखाचे घर हुकूमनाम्यात घेतले आणि गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचे नाही, त्यांच्या शेतात कोणी राबायचे नाही. हा बहिष्कार गावोगाव पसरला. सुप्यातला जाळ त्यानंतर पाच महिन्यांनी.

येथे एक अफवा सांगितली पाहिजे, कारण आयोगाने ती नोंदवून ठेवली आहे. लोक म्हणत होते की कोण्या इंग्रजाची मालमत्ता मारवाड्याने अन्यायाने विकायला लावली, त्याने थेट राणीकडे दाद मागितली, आणि राणीने हुकूम केला आहे की सावकारांनी सर्व रोखे परत द्यावेत. ज्यांनी कचेऱ्या, मामलेदार, मुन्सफ सर्वांवरची आशा सोडली होती, त्यांनी सात समुद्रांपलीकडील बेटावर एक न्यायी राणी बसवली होती. हे भाबडेपण म्हणून हसण्यावारी नेता येईल. मला त्यात हताशा अधिक दिसते.

दंग्यांत माणसे मारण्याचा हेतू जवळजवळ कोठेच नव्हता. रोखे हाती दिले तेथे सावकाराला बहुधा कोणी हात लावला नाही. पण ही गोष्ट केवळ उजळ बाजूने सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकार मारवाड्यांच्या जोडीने तोच धंदा करीत, तेथे बहुधा एकटा मारवाडी वा गुजर गाठला गेला. परका माणूस हे सोपे लक्ष्य होते. शिवाय नोंदणी कार्यालयातील नकला आणि न्यायालयातील हुकूमनाम्यांचे दप्तर सुरक्षितच राहिले. जळाली ती कर्जाची एक प्रत.

पोलीस आणि लष्कर आले. दोन्ही जिल्हे मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. मग आयोग बसला. नगर जिल्ह्यातील बारा गावे तपासली तेव्हा सुमारे एकतृतीयांश खातेदार कर्जात आढळले आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट निघाले. आयोगाने मुख्य दोष सावकारी आणि कायदा यांच्या संगनमतावर ठेवला. ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्याने मात्र स्वतंत्र टिपण लिहून वाढीव साऱ्याकडे बोट दाखवले. पुढे शंभर वर्षांनी नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने दंग्यांचे महत्त्वच फुगवलेले आहे असा युक्तिवाद केला. दंगे थोड्या गावांत झाले हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण असंतोष किती गावांत होता, याचे माप दंग्यांच्या संख्येत सापडेल असे मला वाटत नाही.

त्याच १८७५ मध्ये सार्वजनिक सभेने हजारो सह्यांचा अर्ज ब्रिटिश पार्लमेंटकडे पाठवला: तेथील कॉमन्स सभेत हिंदी प्रतिनिधी घ्यावेत. कुणब्याने राणीचा हुकूम कल्पिला, पुण्याच्या सुशिक्षितांनी पार्लमेंटला अर्ज केला. दोघांनाही कळले होते की निर्णय येथे होत नाहीत. अर्जाचे काही झाले नाही. वर्षभरात १८७६ चा महादुष्काळ आला. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला, आणि त्याच्या अंमलबजावणीच्या कामावर न्यायमूर्ती रानडे यांची नेमणूक झाली. जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चा. साहेब आणि सावकार यांच्याबरोबर त्यांनी भट-कामगारांसही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, आणि सार्वजनिक सभेच्या मंडळींना ते झोंबणारे होते.

कायद्याने रोखा तपासता येई, पण बियाण्याला पैसे कोठून आणायचे? विल्यम वेडरबर्न आणि रानडे यांनी पुरंदर तालुक्यात शेती बँकेचा प्रयोग सुचवला. मुंबई सरकार अनुकूल झाले, हिंदुस्थान सरकार अनुकूल झाले. लंडनमध्ये भारतमंत्र्यांनी तो नाकारला.

दुष्काळी काम म्हणून उपाशी हातांनी खणायला घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि बारामती-इंदापुरात ऊस आला. ऊस भांडवल मागतो. ते पुन्हा सावकाराकडूनच येऊ लागले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ चा, आणि १९११ मध्ये मुंबईत विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांनी जी मध्यवर्ती सहकारी बँक काढली, तिच्या पहिल्या मोठ्या कर्जदारांत होते नीरा कालव्यावरचे ऊसवाले. सुप्याच्या त्या बुधवारनंतर छत्तीस वर्षांनी.