भैय्या चौकातले घर आणि चीन

सोलापुरात जन्म गेला, पण डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे घर मी कायम बाहेरूनच पाहत आलो. परवा मुलीला घेऊन आत गेलो. भैय्या चौकाजवळच्या या घराचे आता स्मारक झाले आहे. फोटो पाहता पाहता तिने विचारले, “अब्बू, हे सोलापूरचे, मग चीनसाठी कशाला गेले?”

१९३८ साली जपानी आक्रमणाने चीन होरपळत होता. सेनापती जू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी जनतेला मदतीचे आवाहन केले. पाच डॉक्टर निघाले, त्यांत २७ वर्षांचे कोटणीस होते. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी ते परतले नाहीत. आघाडीजवळ जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. १९४१ मध्ये बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले. तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि मुलाचे नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ते बाळ काही महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर वारले. ज्या सैनिकांच्या जखमा त्यांनी बांधल्या, त्यांच्याच पक्षाने १९४९ साली आजच्या चीनची स्थापना केली.

ही कहाणी भारतीयांपर्यंत पोहोचवली ख्वाजा अहमद अब्बास यांनी. त्यांच्याच पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला.

कोटणीसांच्या आधी, १९१२ साली, डॉ. मुख्तार अहमद अन्सारी बाल्कन युद्धातील जखमींसाठी वैद्यकीय पथक घेऊन तुर्कस्तानला गेले होते. पुढे १९२७ मध्ये हेच अन्सारी काँग्रेसचे अध्यक्ष झाले. परक्यांच्या जखमा बांधल्या म्हणून त्यांचे देशप्रेम कुणाला कमी वाटले नाही.

आज मात्र दूरदेशीच्या मेलेल्या लेकरांसाठी मुसलमान हळहळला, की त्याच्याकडे निष्ठेचा दाखला मागितला जातो. असा दाखला मागणाऱ्यांनी हे घर एकदा पाहून यावे. आपणही जावे. कारण कोटणीसांचे रुग्ण त्यांच्या धर्माचे नव्हते, भाषेचे नव्हते. आपली हळहळ फक्त आपल्याच मिल्लतीपुरती उरली आहे का, हा प्रश्न त्या घरात मलाही टोचला.

मुलीला एवढेच म्हणालो, “बेटा, ते डॉक्टर होते आणि तिथे जखमी होते.”