डेटा विज्ञानातील संगणकभाषांची निवड (वऱ्हाडातील शेती)

शेतीच्या प्रयोगांतून आलेली आकडेवारी कोणत्या संगणकभाषेत तपासावी, हा प्रश्न अकोल्यात रोजच्या कामाचा आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये येथे स्थापन झाले. कपाशी, तूर, सोयाबीन यांचे वाण आणि खतांच्या मात्रा यांच्या चाचण्या वाफ्यांवर होतात. शेताचा कस सगळीकडे सारखा नसतो, म्हणून वाफ्यांचे गट पाडून प्रत्येक गटात वाणांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवतात. ही पद्धत आर. ए. फिशर यांनी १९२०च्या दशकात इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे घडवली.

अशा कामाला ‘आर’ ही भाषा सर्वांत जवळची. बेल लॅब्सच्या ‘एस’ भाषेच्या धर्तीवर रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी ऑकलंड विद्यापीठात ती रचली. १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली मिळते, १.० आवृत्ती २००० मध्ये आली. प्रसरण विश्लेषण (वाणांमधील फरक खरा की योगायोगाचा, हे तपासण्याची पद्धत) तिच्या मूळ संचातच आहे, स्प्लिट प्लॉट म्हणजे मोठ्या वाफ्यांत लहान वाफे पाडलेल्या चाचण्यांसकट. वाणांच्या तुलनेसाठी ‘ॲग्रिकोले’ हे पॅकेज मिळते. पायथॉनमध्येही हे विश्लेषण करता येते, पण स्प्लिट प्लॉटसाठी प्रतिमान स्वतः मांडावे लागते. सॅस ही व्यावसायिक भाषा भक्कम असली तरी तिचा परवाना महाग, त्यामुळे विद्यापीठ सोडल्यावर ती हाताशी राहीलच असे नाही. कृषी विद्यार्थ्याने प्रबंधासाठी शिकायची पहिली भाषा ‘आर’च असावी, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

डेटाचे रूप बदलले की उत्तरही बदलते. पानावरील रोगाची छायाचित्रे, उपग्रहाने टिपलेली पेऱ्याची चित्रे, मोबाइलवरून शेतकऱ्याला द्यायचा सल्ला, येथे पायथॉन पुढे आहे. गीदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘पांडाज’मुळे तक्त्यांचे काम तिच्यात सोपे झाले. प्रतिमा ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या टेन्सरफ्लो आणि पायटॉर्च या संचांचा मुख्य वापर तिच्यातूनच होतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, या दोन्ही भाषा लागतात. विहिरींच्या पाण्याच्या नमुन्यांवरून मधल्या गावांतील क्षारतेचा अंदाज बांधायला ‘आर’मधील ‘जीस्टॅट’ उत्तम. त्याच भागाच्या उपग्रहचित्रांचे वर्गीकरण मात्र पायथॉनमध्ये करावे.

बाजार समितीतील अनेक वर्षांचे भाव साठवायचे, तर तिसरी भाषा टाळता येत नाही : डेटाबेसमधील माहिती हाताळणारी एसक्यूएल. हव्या त्या वर्षांची तुरीची आवक आणि दर तिने वेगळे काढले, की पुढचे विश्लेषण ‘आर’ किंवा पायथॉन यांपैकी कोणत्याही भाषेत करता येते.