मोटारसायकलचे इंजिन तेल

मोटारसायकलचे इंजिन तेल (बोलीभाषेत इंजिन ऑइल) हे मोटारसायकलच्या इंजिनातील हलत्या भागांना वंगण पुरविणारे तेल होय. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स व क्लच हे तिन्ही भाग एकाच तेलात काम करतात. मोटारगाडीत मात्र गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाडीचा क्लच सामान्यतः कोरडा असतो. या फरकामुळे मोटारगाडीसाठी उत्तम असलेले तेल मोटारसायकलीस अपायकारक ठरू शकते. तेलाची निवड श्यानता (दाटपणा), एपीआय वर्ग आणि जासो वर्ग या तीन निकषांवर केली जाते. वाहनासोबत मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेत हे निकष नमूद केलेले असतात.

कार्य

इंजिन तेल घर्षण व झीज कमी करते, दट्ट्या (पिस्टन) व सिलिंडर यांच्यातील फट मिटविण्यास मदत करते, उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे सूक्ष्म कण स्वतःत धरून ठेवते आणि गंजापासून संरक्षण करते. मोटारसायकलीत याच तेलाला गिअरच्या दात्यांवरील दाबही सोसावा लागतो. तापल्यावर तेल फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे बहुवारिक रेणू मिसळलेले असतात. गिअरच्या दात्यांत सापडून हे रेणू तुटतात व तेल हळूहळू पातळ होत जाते. तेल वेळेवर बदलण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

श्यानता

तेलाच्या श्यानतेची प्रतवारी अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स (एसएई) या संस्थेच्या पद्धतीने केली जाते. या संस्थेने इंजिन तेलांचे पहिले वर्गीकरण १९११ मध्ये केले. ‘१०डब्ल्यू-३०’ या अंकनातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे निदर्शक आहे. पहिला आकडा थंड अवस्थेतील व दुसरा तापलेल्या अवस्थेतील वर्तन दर्शवितो. पहिला आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत सहज वाहते. १०डब्ल्यू वर्गाच्या तेलाची थंडीतील चाचणी उणे २५° से. तापमानाला, तर २०डब्ल्यू वर्गाची उणे १५° से. तापमानाला घेतली जाते.

१००° से. तापमानाला ३० श्रेणीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५, ४० श्रेणीची १२.५ ते १६.३ व ५० श्रेणीची १६.३ ते २१.९ वर्ग मिलिमीटर प्रति सेकंद या मर्यादांत असते. म्हणजेच हे आकडे श्रेणीचे नाव आहेत. तापमानाचे अंश नव्हेत.

उन्हाळा कडक असलेल्या प्रदेशात नेहमी अधिक दाट तेल वापरावे, असा समज आढळतो. वास्तविक चालू इंजिनातील तेलाचे तापमान हवेच्या तापमानापेक्षा पुष्कळ अधिक असते आणि कोणती श्रेणी योग्य, हे इंजिनाच्या रचनेवरून, भागांमधील फटी व तेलपंप यांचा विचार करून ठरविलेले असते. गरजेपेक्षा दाट तेल इंजिन सुरू होताच वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते व इंधनही अधिक खर्ची पडते. गरजेपेक्षा पातळ तेलाचा थर दाबाखाली टिकत नाही. काही पुस्तिकांत हवामानानुसार श्रेणींचा तक्ता दिलेला असतो. तेथे बदल त्या मर्यादेतच करावयाचा असतो.

एपीआय वर्ग

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांच्या तेलास ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे दिली जातात, उदा. एसजी, एसजे, एसएल, एसएन. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका वर्ग अलीकडचा. सामान्यतः पुढचा वर्ग मागच्याच्या जागी चालतो. मात्र मोटारसायकलीच्या बाबतीत एक अपवाद आहे. इंधनबचतीसाठी मोटारगाड्यांच्या काही तेलांत घर्षण घटविणारी द्रव्ये मिसळलेली असतात. अशा तेलाच्या डब्यावरील एपीआयच्या वर्तुळाकार चिन्हाच्या खालच्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतात. तेलात बुडालेल्या क्लचच्या मोटारसायकलींत हे तेल वापरू नये, अशी स्पष्ट सूचना अनेक उत्पादकांनी दिलेली असते.

जासो वर्ग

क्लचच्या चकत्या घर्षणानेच एकमेकींना पकडतात. त्यामुळे झीज रोखण्यासाठी निसरडे आणि तरीही क्लचची पकड न सोडणारे तेल मोटारसायकलीस लागते. या गरजेतून जपानच्या वाहन मानक संघटनेने (जासो) १९९८ मध्ये टी ९०३ हे मानक आणले. त्यातील वर्ग असे :

• एमए – क्लचमध्ये पुरेसे घर्षण राखणारे तेल. २००६ मध्ये याचे एमए१ (तुलनेने कमी घर्षण) व एमए२ (अधिक घर्षण) असे उपवर्ग करण्यात आले.
• एमबी – कमी घर्षणाचे तेल. स्वयंचलित स्कूटरचा क्लच कोरडा असून इंजिन तेलाच्या संपर्कात येत नाही. त्यामुळे तेथे हे तेल वापरता येते.

स्कूटरचे एमबी तेल मोटारसायकलीत घातल्यास क्लच घसरण्याचा संभव असतो. घाट चढताना किंवा मागे माणूस बसलेला असताना इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, हे त्याचे लक्षण होय. ते दुर्लक्षिल्यास चकत्या जळून बदलाव्या लागतात.

तेलाचे प्रकार

मूळ तेलानुसार खनिज, अर्धसंश्लेषित (सेमी-सिंथेटिक) व संश्लेषित (सिंथेटिक) असे प्रकार विकले जातात. संश्लेषित तेल उष्णतेत अधिक काळ टिकते व थंडीत लवकर वाहते. त्याची किंमतही अधिक असते. संश्लेषित तेलाने क्लच घसरतो, हा समज बरोबर नाही. क्लचच्या दृष्टीने जासो वर्ग निर्णायक असतो. त्याचप्रमाणे केवळ महाग असल्यामुळे तेल योग्य ठरत नाही. पुस्तिकेतील निकष पूर्ण करणारे खनिज तेल हे निकषात न बसणाऱ्या महाग तेलापेक्षा श्रेयस्कर होय.

टू-स्ट्रोक इंजिनांचे तेल (२टी) पेट्रोलबरोबर जळून जाते. येझदी, यामाहा आरएक्स १०० यांसारख्या जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनास ते लागते. गिअरबॉक्सचे तेल त्यांत वेगळे असते. २टी व ४टी तेले एकमेकांऐवजी वापरता येत नाहीत.

तपासणी व बदल

तेलाची पातळी वाहन सपाट जागी सरळ उभे करून, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोजपट्टीने किंवा काचेच्या खिडकीतून पाहतात. पातळी कमी असल्यास इंजिन तापून दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकू शकतो. चालत्या गाडीत असे झाल्यास मागचे चाक अकस्मात थांबून अपघात संभवतो. तेल अधिक भरल्यास ते फेसाळते व एअर फिल्टरपर्यंत पोहोचू शकते.

तेल काळे पडणे म्हणजे ते निकामी होणे नव्हे. काजळी धरून ठेवण्याचे काम ते करीत असल्याचेही ते लक्षण असते. दुधाळ किंवा दुधाच्या चहासारखा रंग मात्र तेलात पाणी शिरल्याचा निदर्शक आहे. पुराच्या पाण्यात बुडालेली मोटारसायकल तेल तपासल्याशिवाय सुरू करू नये. बदलाची मुदत किलोमीटर व महिने अशा दोन्ही रीतींनी दिलेली असते. यांपैकी जी आधी पूर्ण होईल ती पाळावयाची असते.

वापरलेल्या तेलात जड धातू व ज्वलनातून आलेली घातक द्रव्ये असतात. ते जमिनीवर किंवा गटारात न ओतता बंद डब्यात साठवून गॅरेजमार्फत अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी देणे योग्य ठरते.

हे सुद्धा पहा

• वंगण
• श्यानता
• क्लच
• अंतर्ज्वलन इंजिन