वेष्टन चकचकीत, तपासणी शून्य

मालवणकरांनो, समोर कुरटे बेटावर बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ साली सुरू झालं, १६६७ ला पुरं झालं. साडेतीनशेहून जास्त पावसाळे गेले, तट उभा आहे.

आता अलीकडचा राजकोट. ४ डिसेंबर २०२३, नौदल दिन. पंतप्रधानांच्या हस्ते महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. पहिला पावसाळाही धड निघाला नाही. गुन्हा दाखल झाला, अटक झाली, पंतप्रधानांनी माफी मागितली, २०२५ मध्ये नवा पुतळाही उभा राहिला. पण पहिलं काम कोणी तपासून 'बरोबर आहे' म्हटलं होतं, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

पोरांच्या खाऊचंही तेच. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेच्या पदार्थांची विक्री नको, जाहिरातही नको, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. मोजतो कोण? टपरीवर पुड्यांच्या माळा, वर नटाचा हसरा चेहरा.

भ्रष्टाचार म्हणजे फक्त टेबलाखालचं पाकीट नव्हे. तपासणाऱ्याने डोळे मिटले की तो सुरू होतो. जाहिरात त्यावर रंग मारते.

पुढच्या पालकसभेला टेप घेऊन जा. ५० मीटर आपणच मोजूया.