काळ्या-पांढऱ्या पडद्यावरचं कुंकू

मंडळी, आज एक साधा प्रश्न विचारते. काळ्या-पांढऱ्या सिनेमात लाल रंग दाखवता येतो का? चटकन उत्तर येईल, "छे, कसा येणार?" मग ज्यांनी ‘कुंकू’ पाहिला आहे त्यांना विचारा, नीरेच्या कपाळावरचं कुंकू कोणत्या रंगाचं होतं. काळं असं कुणीच म्हणणार नाही. पडद्यावर तो एक काळसर ठिपका आहे, बस्स. तो लाल करतो ते आपण, आणि हा रंग आपल्याकडे कुठून आला ते बघण्यासारखं आहे.

‘कुंकू’ १९३७ साली प्रभात फिल्म कंपनीने काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. प्रभातची सुरुवात १९२९ साली कोल्हापुरात झाली, म्हणजे आमच्या मिरजेहून रेल्वेने जेमतेम पन्नास किलोमीटरवर. गंमत अशी की याच कंपनीने त्याआधी चार वर्षं पडद्यावर खराखुरा रंग आणायचा खटाटोप करून पाहिला होता. चित्रपट होता ‘सैरंध्री’, साल १९३३. रंगाची प्रक्रिया करण्यासाठी फिल्म थेट जर्मनीला नेली होती. केवढी हिंमत! पण रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने पुन्हा काळ्या-पांढऱ्याचीच वाट धरली. ज्या शांतारामबापूंना जर्मनीत लाल रंग मिळाला नाही, त्यांनी चार वर्षांनी मराठीतला सगळ्यात लाल सिनेमा काढला, तोही रंगाचा एक थेंब न वापरता.

गोष्ट थोडक्यात सांगते. नीरा (शांता आपटे) पोरकी मुलगी. मामा तिचं लग्न काकासाहेब या म्हाताऱ्या बिजवराशी (केशवराव दाते) लावून देतो. ती ते लग्न मनाने मानत नाही आणि ठामपणे नकार देते. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची, ‘न पटणारी गोष्ट’. आपटे जन्माने आपल्या सांगलीजवळच्या समडोळीचे. कादंबरीचं नाव सरळ आहे, सिनेमाचं नाव मात्र एका वस्तूचं, एका रंगाचं. हिंदीत हाच सिनेमा ‘दुनिया न माने’ नावाने निघाला. मला वाटतं ते बरोबरच होतं. उत्तरेत सौभाग्याची खूण भांगात भरतात, ती शेंदराची. ‘कुंकू’ या एका शब्दात मराठी कानाला जे सगळं ऐकू येतं, ते तिकडे तसंच ऐकू आलं नसतं.

या सिनेमात वस्तूच बोलतात. भिंतीवरचं जुनं घड्याळ म्हणजे काकासाहेबच. फुटक्या आरशाच्या तुकड्या-तुकड्यांत त्यांचा चेहरा त्यांनाच हसतो. पार्श्वसंगीत अजिबात नाही, जे ऐकू येतं ते त्या जागचंच. एवढ्या शांततेत कपाळावरचा तो ठिपका किती मोठा वाटतो! काकासाहेबांच्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं आहे. रँग्लर परांजप्यांच्या या मुलीने पुढे कुटुंबनियोजनाच्या प्रचारात आयुष्य घालवलं. त्यामुळे पडद्यावर त्या बोलतात तेव्हा पाठ केलेले संवाद वाटत नाहीत.

जरठ-कुमारी विवाहाचा विषय आपल्या भागाला नवा नव्हता. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ सालीच ‘शारदा’ रंगभूमीवर आणलं. देवल हरिपूरचे. आणि हरिपूर म्हटलं की सांगलीकरांना दुसरी आठवण येते ती हळदीच्या पेवांची. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरून फार नुकसान झालं. आता बघा, कुंकू कशापासून होतं? हळदीपासूनच! हळदीला चुना किंवा टाकणखारासारखं क्षारयुक्त काही लागलं की ती लाल होते. शाळेत मी मुलांना हे करून दाखवायची. हळदीने पिवळ्या केलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचं बोट टेकवायचं, की उमटला लाल ठिपका. मुली टाळ्या पिटायच्या. म्हणजे ज्या गावाने म्हाताऱ्या नवऱ्याच्या तावडीतून सुटणारी शारदा लिहिणारा माणूस दिला, त्याच गावाच्या जमिनीत कुंकवाचा कच्चा माल साठवलेला असायचा.

रंग हळदीत नसतो, चुन्यातही नसतो, दोन्ही एकत्र आले की होतो. पडद्यावरचंही तसंच आहे. ठिपका शांतारामबापूंचा आणि रिवाज आपला.

हे मला नीट उमगलं ते एका परदेशी सिनेमामुळे. नातवाने आग्रहाने दाखवला. सर्गेई पाराजानोव यांचा ‘सायात नोवा’, १९६९ चा. सायात नोवा हा अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी. गोष्ट अशी नाहीच, संवाद जवळजवळ नाहीत, कॅमेरा हलत नाही, जुन्या पोथीतली चित्रं एकामागून एक उलगडावीत तसं सगळं. सुरुवातीलाच पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबं, आणि त्यांचा लाल रस हळूहळू पसरत जातो. त्या डागाचा आकार प्राचीन आर्मेनियाच्या नकाशासारखा आहे असं जाणकार म्हणतात. सोव्हिएत अधिकाऱ्यांना हे रुचलं नाही. सिनेमाची काटछाट झाली, नावही बदलून ‘डाळिंबाचा रंग’ असं केलं. पुढे १९७३ मध्ये पाराजानोव यांना अटक झाली आणि चार वर्षं तुरुंगात काढावी लागली.

रंग अप्रतिम, पण खरं सांगू? पहिल्यांदा पाहताना मला ते फक्त डाळिंब दिसलं. तिकडे नवरीने डाळिंब फोडायची जुनी चाल आहे आणि विखुरलेले दाणे म्हणजे पुढची मुलंबाळं, हे कळल्यावर तोच लाल डाग वेगळा दिसायला लागला. तिथे रंग होता, पण माझ्याजवळ रिवाज नव्हता. ‘कुंकू’मध्ये रिवाज आहे, म्हणून रंगाची गरज पडली नाही.

पण रिवाजाची दुसरी बाजूही त्या सिनेमातच आहे. शेवटी काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते नीरेला मोकळं करतात आणि स्वतःचं आयुष्य संपवतात. म्हणजे ज्या घटकेला नीरा सुटते, त्याच घटकेला समाज तिच्या कपाळाकडे बोट दाखवतो. ज्या कुंकवाने तिला बांधलं, ते आता पुसायचं! लावण्यातही तिची इच्छा विचारली नाही आणि पुसण्यातही नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. त्यानंतर एका ओळखीच्या घरी हळदीकुंकवाला कुंकवाची कोयरी माझ्यासमोर क्षणभर थांबली आणि पुढे गेली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, ती बाई मला आजही भाजी आणून देते. पण तो ठिपका माझ्या कपाळावर न उमटताही किती लाल असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी टिकली लावते, तेव्हाही लावत होते. काही नातलगांना ते आवडत नाही. हे वाचणाऱ्यांतही ते असतील, तर त्यांना माझा नमस्कार.

आणि रिवाज बदलतो बरं का. मिरजेपासून फार लांब नाही, शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, ठराव केला की नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं हे आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावाने मनं एका रात्रीत बदलत नाहीत, हे शाळेत जन्म घालवलेल्या मला चांगलं ठाऊक आहे. तरी कुणीतरी फळ्यावर पहिली ओळ लिहावी लागते.

म्हणून घरातल्या सुना-नातींना माझं सांगणं आहे, ‘कुंकू’ एकदा जरूर बघा. जुना आहे, आवाज खरखरीत आहे, शांता आपटे त्यात एक इंग्रजी कवितासुद्धा गातात, त्याची मजा वाटेल. बघताना तो ठिपका तुम्हाला कोणत्या रंगाचा दिसतो ते मला कळवा. आणि लाल दिसला, तर तो तसा दिसायला तुम्हाला कुणी शिकवलं, हेही आठवून लिहा.