अमेरिकेतील स्थलांतरित युवकांचे शिक्षण व रोजगार : उद्योगजगताचे साह्य आणि त्याच्या मर्यादा

नवी दिल्ली : आईवडिलांच्या बोटाला धरून अमेरिकेत आलेले मूल तेथील शाळेत शिकते, तेथील भाषा आपलीशी करते आणि अठराव्या-एकविसाव्या वर्षी त्याच्या लक्षात येते की पुढील शिक्षणाची व नोकरीची दारे त्याच्यासाठी अर्धवटच उघडी आहेत. अशा लाखो युवकांसाठी गेल्या दशकभरात अमेरिकेतील काही उद्योगपतींनी व कंपन्यांनी शिष्यवृत्त्या दिल्या, न्यायालयीन लढाया लढल्या आणि संसदेकडे कायद्याची मागणी केली. या प्रयत्नांतून हजारो विद्यार्थी पदवीधर झाले. तथापि, कंपनीचा पैसा कोठवर पोहोचतो आणि कायद्याची भिंत कोठे सुरू होते, हा प्रश्न आजही कायम आहे. भारतीय, आणि त्यात मराठी, कुटुंबांशीही या प्रश्नाचा थेट संबंध असल्याने त्याची पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक ठरते.

शाळेपर्यंत हक्क, पुढे अडथळे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये ‘प्लायलर विरुद्ध डो’ या टेक्सासमधील खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी निर्णय दिला की वास्तव्याची वैध कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सार्वजनिक शाळांत मोफत शिक्षण नाकारता येणार नाही. बारावीपर्यंतचा मार्ग यामुळे मोकळा झाला. महाविद्यालयीन शिक्षण मात्र या निर्णयाच्या कक्षेबाहेर राहिले.

अशा विद्यार्थ्यांना केंद्र सरकारचे शैक्षणिक अर्थसाह्य व विद्यार्थी कर्ज मिळत नाही. शुल्काचा प्रश्न राज्यांवर सोपवलेला आहे. सार्वजनिक विद्यापीठांत स्थानिक रहिवाशांसाठी एक दर आणि बाहेरच्यांसाठी त्याहून कितीतरी अधिक दर अशी तेथील पद्धत आहे. टेक्सास व कॅलिफोर्निया या राज्यांनी २००१ मध्ये, कागदपत्रे नसली तरी राज्यातच शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या विद्यार्थ्यांना स्थानिक दर लागू केला. पुढे अनेक राज्यांनी हेच धोरण स्वीकारले. अलीकडे मात्र वारे उलटे वाहू लागले आहेत. फ्लोरिडाने २०१४ पासूनची ही सवलत २०२५ मध्ये रद्द केली आणि केंद्रीय न्याय विभागाने दाखल केलेल्या दाव्यानंतर टेक्सासमधील सवलतही जून २०२५ मध्ये संपुष्टात आली.

नोकरीचा अडथळा याहून कठीण आहे. काम करण्याचा परवाना नसलेल्या व्यक्तीस जाणूनबुजून नोकरीवर ठेवणे १९८६ च्या कायद्याने बेकायदा ठरवले आहे. त्यामुळे कंपनीची कितीही इच्छा असली आणि उमेदवार कितीही गुणवान असला, तरी परवान्याविना नियुक्ती अशक्य असते.

‘ड्रीमर्स’ कोण?

लहानपणी अमेरिकेत आलेल्या व वैध दर्जा नसलेल्या युवकांना नागरिकत्वाचा मार्ग देणारे ‘ड्रीम’ विधेयक सिनेटर डिक डर्बिन व ऑरिन हॅच यांनी २००१ मध्ये मांडले. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. या विधेयकाच्या नावावरूनच अशा युवकांना ‘ड्रीमर्स’ म्हटले जाऊ लागले. डिसेंबर २०१० मध्ये प्रतिनिधीगृहाने त्यास मंजुरी दिली, पण सिनेटमध्ये चर्चा संपवून मतदान घेण्यास आवश्यक असलेली ६० मते मिळाली नाहीत. त्यानंतरही ते वेगवेगळ्या स्वरूपांत अनेकदा मांडले गेले. कायदा मात्र झाला नाही.

संसदेत कोंडी झाल्याने तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांच्या प्रशासनाने १५ जून २०१२ रोजी ‘डीएसीए’ ही प्रशासकीय योजना जाहीर केली. वयाच्या सोळाव्या वर्षाआधी आलेल्या, १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत राहिलेल्या, योजना जाहीर झाली त्या दिवशी ३१ वर्षांखालील असलेल्या आणि शिक्षण व चारित्र्यविषयक अटी पूर्ण करणाऱ्या युवकांना दोन वर्षांसाठी हद्दपारीपासून संरक्षण व कामाचा परवाना मिळू लागला. दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. आजवर ८ लाखांहून अधिक जणांनी या योजनेचा लाभ घेतला असून त्यांत मेक्सिकोत जन्मलेल्यांचे प्रमाण सर्वाधिक आहे.

शिष्यवृत्त्यांचा ओघ

‘डीएसीए’मुळे प्रथमच या युवकांच्या शिक्षणाला नोकरीची जोड मिळण्याची शक्यता निर्माण झाली आणि देणगीदार पुढे आले. त्यांतील सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे २०१४ मध्ये स्थापन झालेली ‘द ड्रीम डॉट यूएस’ ही संस्था. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे माजी मालक डोनाल्ड ग्रॅहम, अमेरिकेचे माजी वाणिज्यमंत्री कार्लोस गुटिएरेझ आणि हेन्री मुनोझ हे तिचे संस्थापक. कमी शुल्काच्या निवडक महाविद्यालयांशी भागीदारी करून विद्यार्थ्याला कर्जाविना पदवी मिळवून द्यायची, ही तिची कार्यपद्धती आहे. स्थानिक दराची सवलत न देणाऱ्या राज्यांतील विद्यार्थ्यांना दुसऱ्या राज्यातील महाविद्यालयात निवासासह शिकवण्याची स्वतंत्र योजनाही ती चालवते.

फेसबुकचे संस्थापक मार्क झुकेरबर्ग व त्यांच्या पत्नी प्रिसिला चॅन यांनी २०१५ मध्ये या संस्थेला ५० लाख डॉलर दिले. जानेवारी २०१८ मध्ये ॲमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस व त्यांच्या तत्कालीन पत्नी मॅकेन्झी यांनी १,००० विद्यार्थ्यांसाठी ३.३ कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. म्हणजे प्रत्येकी ३३,००० डॉलर. बेझोस यांचे वडील माइक हे सोळाव्या वर्षी क्युबातून एकटेच अमेरिकेत आले होते आणि त्यांना तेव्हा इंग्रजी येत नव्हते, याचा उल्लेख बेझोस यांनी त्या वेळी केला होता. अर्थात या देणग्या उद्योगपतींच्या वैयक्तिक होत्या, कंपन्यांच्या नव्हत्या, हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

कंपनीच्या अंगणात वाढलेला उपक्रम म्हणून ‘गोल्डन डोअर स्कॉलर्स’चे उदाहरण अधिक बोलके आहे. नॉर्थ कॅरोलिनातील शार्लट शहराजवळ मुख्यालय असलेल्या ‘रेड व्हेंचर्स’ या कंपनीचे सहसंस्थापक रिक इलियास यांनी २०१२ मध्ये तो सुरू केला. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरवलेल्या विमानातून बचावलेल्या प्रवाशांपैकी ते एक. नॉर्थ कॅरोलिनात कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक विद्यापीठांत बाहेरच्यांचा दर भरावा लागतो, ही त्यामागची प्रेरणा होती. येथे शुल्कासोबत कर्मचाऱ्यांचे मार्गदर्शन आणि उमेदवारीच्या काळातील कामाचा अनुभव यांवर भर देण्यात आला. ज्या घरात कार्यालयीन नोकरीचा अनुभव कोणालाच नाही, तेथील विद्यार्थ्याला अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावे, वेतनाबाबत चर्चा कशी करावी हे सांगणारे माणूस मिळणे हे शुल्काइतकेच महत्त्वाचे असते.

छोट्या रकमाही निर्णायक ठरतात. ‘डीएसीए’च्या अर्जाचे शुल्क दीर्घकाळ ४९५ डॉलर होते. तुटपुंज्या उत्पन्नाच्या कुटुंबाला तेही जड जाते. सॅन फ्रान्सिस्को येथील ‘मिशन ॲसेट फंड’ या संस्थेने या शुल्कासाठी आधी बिनव्याजी कर्जे आणि २०१७ मध्ये थेट अनुदान दिले.

न्यायालयात कंपन्या

५ सप्टेंबर २०१७ रोजी ट्रम्प प्रशासनाने ‘डीएसीए’ बंद करण्याची घोषणा केली. कंपन्यांच्या दृष्टीने हा आता केवळ दानधर्माचा विषय राहिला नाही, कारण यांतील अनेक युवक त्यांचे कर्मचारी झाले होते. ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी आपल्या कंपनीत असे २५० सहकारी असल्याचे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने आपल्याकडील ३९ जणांचा उल्लेख करून, त्यांपैकी कोणालाही हद्दपार करण्याचा प्रयत्न झाल्यास वकिलाचा खर्च कंपनी करील, असे सांगितले.

मायक्रोसॉफ्ट त्यापुढेही गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने प्रिन्स्टन विद्यापीठ व तेथील एका विद्यार्थिनीसह केंद्र सरकारविरुद्ध दावा दाखल केला. हा दावा इतर खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात पोहोचला आणि शंभरहून अधिक कंपन्या व उद्योग संघटनांनी ‘न्यायालयाचे मित्र’ या नात्याने आपले म्हणणे मांडले. १८ जून २०२० रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी, योजना बंद करण्याची पद्धत मनमानी असल्याचा निर्णय दिला. योजना वाचली, पण ती कायदेशीर आहे की नाही या मुद्द्यावर न्यायालयाने निर्णय दिला नव्हता.

तो मुद्दा टेक्सासमधील खटल्यात पुढे आला. तेथील केंद्रीय न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये नवे अर्ज मंजूर करण्यास मनाई केली. जुन्या लाभार्थींचे नूतनीकरण तेवढे सुरू राहिले. शिवाय, २००७ पासूनच्या वास्तव्याची अट असल्याने आज शाळेतून बाहेर पडणारे बहुतेक विद्यार्थी मुळातच अपात्र आहेत. परिणामी, एका पिढीला कंपन्यांनी शिकवले व नोकरी दिली. तिच्या धाकट्या भावंडांना त्या शिकवू शकतात, पण नोकरी देऊ शकत नाहीत.

भारतीय कुटुंबांचा प्रश्न वेगळा

‘डीएसीए’त भारतीयांची संख्या अत्यल्प आहे. पुणे, मुंबई, हैदराबाद वा बंगळूरूहून एच-१बी व्हिसावर गेलेल्या अभियंत्यांची मुले कायदेशीररीत्या, एच-४ या आश्रित व्हिसावर अमेरिकेत राहतात. आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळाले की मुलांनाही मिळते. पण ते मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाआधी मिळावे लागते. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाचा वाटा साधारणपणे ७ टक्क्यांवर मर्यादित असतो. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. तोवर मूल एकवीस वर्षांचे होते आणि आश्रिताचा दर्जा गमावते. अशा युवकांना ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’ म्हणतात. त्यांची संख्या २ लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे.

यातील विसंगती अशी की ‘डीएसीए’साठी १५ जून २०१२ रोजी वैध दर्जा नसणे ही अट होती. नियमांचे काटेकोर पालन करणाऱ्या कुटुंबांची मुले त्यामुळेच अपात्र ठरली. एच-४ वर असताना त्यांना नोकरी करता येत नाही आणि केंद्रीय शैक्षणिक अर्थसाह्यही मिळत नाही. एकविसाव्या वर्षी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला, तर शाळा अमेरिकेत झालेली असूनही परदेशी विद्यार्थी म्हणून शुल्क भरण्याची वेळ येऊ शकते. पुढे नोकरीसाठी आईवडिलांप्रमाणेच एच-१बीच्या सोडतीत नशीब आजमावावे लागते.

कंपन्यांनी भरलेल्या पैशाबाबतही असाच विरोधाभास दिसतो. एच-१बीच्या अर्जासाठी कंपन्यांना १९९८ च्या कायद्यापासून स्वतंत्र प्रशिक्षण शुल्क भरावे लागते. सध्या ते कंपनीच्या आकारानुसार ७५० किंवा १,५०० डॉलर आहे. त्यातील ३० टक्के रक्कम अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानामार्फत विज्ञान-तंत्रज्ञान शाखांतील गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी जाते. या शिष्यवृत्त्या नागरिक, कायम रहिवासी व निर्वासित म्हणून प्रवेश मिळालेल्यांना खुल्या आहेत. ज्यांच्या व्हिसामुळे हा निधी उभा राहतो, त्यांची एच-४ वरील मुले त्यास पात्र नाहीत.

गुगल, ॲमेझॉन, आयबीएम, उबर आदी कंपन्यांनी जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाला पत्र लिहून या मुलांना संरक्षण देण्याची मागणी केली. आपले मूल देशाबाहेर जाणार असेल तर कुशल कर्मचारीही टिकणार नाही, हा त्यामागील व्यावहारिक हिशेब होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांचे वय मोजण्याच्या नियमात काहीशी शिथिलता आली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मागे घेण्यात आली. या युवकांना कायमस्वरूपी दर्जा देणारे ‘अमेरिकाज चिल्ड्रन’ विधेयक २०२१ मध्ये मांडले गेले व २०२३ मध्ये पुन्हा दाखल झाले, पण मंजूर होऊ शकले नाही.

पैशाने काय होते, काय होत नाही

आजवरच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. शिष्यवृत्तीने पदवी मिळते. परवाना मिळत नाही. सर्वच कंपन्यांचे धोरण उदार असते असेही नाही. कामाचा वैध परवाना असूनही, नागरिक वा कायम रहिवासी नसल्याच्या कारणावरून नोकरी किंवा कर्ज नाकारल्याबद्दल काही कंपन्या व बँकांविरुद्ध ‘डीएसीए’धारकांनी १८६६ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे दावे दाखल केले आहेत.

देणगीदारांपुढेही नवे प्रश्न आहेत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने ‘डीएसीए’धारक वा कागदपत्रे नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी राखीव शिष्यवृत्त्या देणाऱ्या पाच विद्यापीठांची चौकशी सुरू केली. अशा शिष्यवृत्त्यांमुळे अमेरिकी विद्यार्थ्यांवर अन्याय होतो काय, हा तिचा विषय आहे.

अमेरिकेत मुलांसह राहणाऱ्या वा जाऊ पाहणाऱ्या मराठी पालकांसाठी यातून घेण्यासारखा बोध व्यावहारिक आहे. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत ‘स्थलांतरित’ असा शब्द असला तरी तिच्या पात्रतेत आपल्या मुलाचा नेमका व्हिसा बसतो का, हे आधी तपासावे. राज्याचा शुल्कदर व्हिसा बदलल्यावर टिकतो का, याची विद्यापीठाकडे लेखी विचारणा करावी. आणि मुलाच्या एकविसाव्या वर्षाचा हिशेब ते सोळा-सतरा वर्षांचे असतानाच कंपनीच्या इमिग्रेशन वकिलासमोर मांडावा. एकदा ती तारीख उलटली की कंपनीच्या हातीही फारसे काही उरत नाही.