साथीचा उतार

मराठीत ‘उतार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. ताप ओसरू लागला की त्याला उतार पडला असे आपण म्हणतो, आणि पाणी ज्या दिशेने वाहते तोही उतारच. साथींच्या इतिहासात हे दोन्ही अर्थ एकत्र वाचावे लागतात. साथ राव-रंक पाहत नाही, हे खरे मानले तरी ती ज्या समाजात शिरते तो सपाट नसतो.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव, तर पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. त्यानंतर बारा वर्षांनी, जून १९१८ मध्ये, मुंबईत इन्फ्लुएंझा दिसू लागला आणि सप्टेंबरात त्याची दुसरी, कितीतरी अधिक घातक लाट उसळली. साथ रेल्वेच्या मार्गांनी देशभर पसरली. मुंबईहून येणाऱ्या लोहमार्गाला नागपूर आणि अलाहाबादकडे फाटे फुटतात ते भुसावळ खानदेशातलेच. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता आणि महायुद्धामुळे महागाई वाढली होती. ज्या मुंबई इलाख्यात खानदेश मोडत असे, तेथे दहा लाखांहून अधिक माणसे दगावली.

ही माणसे कोण होती, याचे उत्तर मुंबई शहराच्या जातवार नोंदींत सापडते. दर हजारी मृत्यूचे प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे’ म्हटलेल्या हिंदूंत ६१.६ होते. हा फरक वंशाचा किंवा हवामानाचा असता, तर पारशी आणि युरोपियन यांचे आकडे इतके जवळ आले नसते. फरक होता तो खोलीच्या आकाराचा, ताटातल्या अन्नाचा आणि आजारपणात अंथरुणावर पडून राहण्याची ऐपत असण्याचा.

विषमता उघडी पडते, एवढ्यावर मात्र हा इतिहास थांबत नाही. १९१८ च्या साथीने विशेषतः वीस ते चाळीस वयाची माणसे नेली आणि पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक नेल्या. घरच्यांची शुश्रूषा त्यांच्याच वाट्याला होती. हातावर पोट असलेल्या घरातून कमावते किंवा सांभाळणारे माणूस गेले की शोकाबरोबर कर्जही येते आणि मुलाची शाळा सुटते. सुस्थितीतले घर दुःखातून सावरते. गरिबाचे घर दुःख आवरण्याआधीच एक पायरी खाली उतरलेले असते.

१०२ वर्षांनी हीच गोष्ट पुन्हा घडली. मे २०२० मध्ये धुळ्यावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर मजुरांचे तांडे गावाकडे चालले होते. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडले. मध्य प्रदेशातले हे मजूर जालन्याहून पायी निघाले होते, भुसावळला घराकडची गाडी मिळेल या आशेने. साथीने नव्हे, साथीच्या काळात आपण केलेल्या व्यवस्थेने त्यांना मारले. त्याच वर्षी जुलैत मुंबईच्या तीन प्रभागांत रक्तचाचण्या झाल्या, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के, तर बाहेरच्या वस्तीत १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. ‘अंतर ठेवा’ हा आदेश सर्वांना एकच होता. पाळता येण्याइतकी जागा सर्वांकडे नव्हती.

साथ संपल्याची तारीख सरकारी दप्तरात लिहिली जाते. घरात ती अशी लिहिता येत नाही. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या मुलाला, ओंकारला, प्लेगने कायमचे अपंगत्व आले. प्लेग ओसरला, पण त्या अकाली विधवा झालेल्या आईच्या संसारातून तो गेला नाही. त्या निरक्षर होत्या. सोपानदेवांनी गाणी टिपून ठेवली नसती, तर हे घरही आपल्याला ठाऊक झाले नसते. दर हजारी ६१.६ या आकड्यात अशी किती घरे असतील! त्यांची गाणी टिपून घेणारे कोणी नव्हते.